द्राक्षाचा हंगाम आणि सहकार

द्राक्ष हे फळ धन्याची वाट पाहत नाही. केळे वा चिकू कच्चे काढून घरी पिकविता येते. द्राक्षाचा घड मात्र वेलीवरच पिकतो आणि तोडल्यावर त्याची गोडी तिळमात्र वाढत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतील माल एकदमच बाजारात लोटतो. अशा वेळी आडत्या सांगेल तो भाव पत्करण्यावाचून एकट्यादुकट्या बागायतदारास गत्यंतर नसते.

ही कोंडी फोडण्यासाठी द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ साली पुणे येथे ‘महाग्रेप्स’ ही भागीदारी संस्था उभी केली. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचे साहाय्य तिला लाभले. कामाची वाटणी मोठी शहाणपणाची होती. माल गोळा करणे, प्रतवारी व शीतगृह ही कामे स्थानिक संस्थांकडे. परदेशी गिऱ्हाईक शोधणे व तांत्रिक सल्ला देणे हे मध्यवर्ती संस्थेकडे.

आरंभीच्या वर्षांत बराच माल परदेशात नाकारला गेला. युरोपची सागरी वाट तीन आठवड्यांची, कधी त्याहूनही लांबची. उन्हात तापलेला घड तसाच पेटीत भरला तर तो वाटेतच गळणार, हे उघड आहे. म्हणून सकाळच्या गारव्यात तोडणी करावी, काही तासांतच पूर्वशीतकरणाने घडातील उष्णता काढून घ्यावी, बुरशी रोखणारा गंधकवायूचा कागद पेटीत घालावा आणि पुढे शून्य ते एक अंश तपमान अखेरपर्यंत राखावे. यासाठी लागणारे शीतगृह दोन-चार एकरांच्या धन्यास एकट्याने परवडणारे नव्हे. सहकाराचे खरे बळ आमच्या मते येथेच आहे. भाषणांतून ते क्वचितच सांगितले जाते.

संकट मात्र अनपेक्षित दिशेनेही येते. २०१० साली भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट या वाढरोधकाचा अंश मर्यादेबाहेर आढळला आणि युरोपच्या बंदरांत माल अडकला. फवारणी झालेली असते छाटणीनंतरच्या फुटीवर, अंश सापडतो कित्येक महिन्यांनी घडात! शिवाय ठपका एका बागेवर न राहता साऱ्या देशाच्या मालावर बसतो. युरोपसाठी बागेची नोंदणी आणि काढणीपूर्वी नमुन्याची तपासणी यांचा आग्रह धरला जातो, तो यासाठीच. फवारणीची वही रोजच्या रोज न लिहिणाऱ्या सभासदाची भीड संस्थेने बाळगू नये.

बारीक मण्यांचा वा डागी माल निर्यातीत बसत नाही. तो वेगळा काढून जवळच्या बाजारात पाठवावा. बेदाण्याजोगा असेल तर शेडवर सुकवून तासगावच्या पेठेत न्यावा. मात्र त्याचा हिशेब निर्यातीच्या हिशेबात मिसळू नये, कारण पेटीमागे नेमके काय हाती आले हे मग सभासदास कळत नाही.