रुमालाखालचा सौदा

बोलणाऱ्याची जीभ त्याच्या ताब्यांत असते. हात तितका असतोच असें नाहीं. देण्याघेण्यांत कोणी हात आखडता घेतो, कोणी सैल सोडतो, तर कोणी झटकून मोकळा होतो. माणसाच्या मनाचा कल हातावरून ओळखण्याची ही संवय आपल्या भाषेंतच मुरलेली आहे.

तिचा खरा कस लागतो तो गुरांच्या बाजारांत. परभणी जिल्हा हा लाल कंधारी जनावरांचा मुलूख. मराठवाड्यांतील अशा बाजारांतून उपरण्याखालीं हातांत हात घालून भाव ठरविण्याची चाल फार जुनी आहे. एक बोट धरलें कीं एक, चार धरलीं कीं चार, सगळा पंजा धरला कीं पांच. आंकडा शेंकड्यांचा कीं हजारांचा, हें जनावर पाहूनच उभयतांस उमगतें.

परंतु बोटें केवळ आंकडा सांगत नाहींत. पकड ढिली असली कीं घासाघिशीस अजून जागा आहे, बोट घट्ट दाबलें कीं हा शेवटचा भाव, असा अंदाज मुरलेला दलाल बांधतो. अडचण एवढीच कीं, समोरचाही तितकाच मुरलेला असतो व हात ओढून घेण्याचें सोंग त्यालाही साधतें. बाँड व डीपॉलो या संशोधकांनीं 2006 सालीं पूर्वींच्या अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले. तेव्हां खऱ्याखोट्याची पारख माणसांस 100 पैकीं सुमारें 54 वेळांच साधते, असें दिसून आलें. नाणें उडवून ठरविलें तरी 50 वेळां साधेलच!

मात्र उपरण्याखालच्या सौद्यांत खरा प्रश्न निराळाच आहे. दोघांचे हात झांकलेले, आणि दावें धरून उभा असलेला बैलाचा धनी तिसराच! दलालाच्या हातीं कोणता आंकडा आला व त्याच्या तोंडून कोणता बाहेर पडला, हें त्या बिचाऱ्यास कसें कळावें? कापूस व धान्याच्या अडतीवरही हीच रीत होती. म्हणूनच नियंत्रित बाजारांची आवश्यकता भासली. वऱ्हाडांत कारंजा येथें 1886 सालीं असा बाजार सुरू झाला. परभणी ज्या हैदराबाद संस्थानांत होती, तेथें 1930 सालीं बाजारांचा कायदा झाला. आणि महाराष्ट्र राज्यानें 1963 सालीं आपला कायदा केला. शेतमालाचा भाव उघड लिलावानें, चारचौघांच्या कानांवर पडेल असा पुकारला जावा, हा या सुधारणेचा गाभा होय.

झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आपण म्हणतों. सौद्यांत मात्र ते सव्वा लाख बहुधा मध्यस्थाचेच ठरतात. म्हणून घर घेतांना असो वा लग्नाची बोलणी करतांना, समोरच्याचा हात अवश्य पाहावा. बोलतां बोलतां तो एकाएकीं आंखडला, तर काय खटकलें तें विचारावें. पण विश्वास ठेवावा तो सर्वांदेखत बोललेल्या व कागदावर उतरलेल्या आंकड्यावरच.