बॅलेटरचें रेल्वे स्टेशन

१८५३ सालच्या एप्रिल महिन्यांत मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत स्कॉटलंडच्या ईशान्य भागीं ॲबर्डीन शहरापासून डी नदीच्या कांठानें बँकरी गांवापर्यंत एक लहानसा लोहमार्ग सुरू झाला. मुंबईचा मार्ग वाढत जाऊन देशभर पसरला. डी नदीच्या खोऱ्यांतील मार्ग मात्र आज नाहींसा झाला आहे. त्याच्या शेवटच्या स्टेशनाची हकीकत बोधप्रद वाटल्यावरून ती येथें थोडक्यांत देत आहों.

बँकरीचे रूळ १८५९ सालीं अबॉयन येथें आणि १८६६ च्या ऑक्टोबरांत बॅलेटर येथें पोहोंचले. ॲबर्डीनपासून हें अंतर सुमारें ४३ मैल. बॅलेटर गांव लहान. परंतु व्हिक्टोरिया राणीचा बाल्मोरल राजवाडा तेथून जवळच असल्यामुळें स्टेशनास मोठा मान मिळाला. १८८६ सालीं तेथें राणीसाठीं स्वतंत्र वेटिंगरूम बांधण्यांत आली. १८९६ सालीं रशियाचा झार दुसरा निकोलस याच फलाटावर उतरला.

हा मार्ग ब्रेमार गांवापर्यंत न्यावा असा विचार होता, व बॅलेटरपुढें कांहीं अंतर जमीन सपाट करून वाटही तयार झाली होती. परंतु बाल्मोरलच्या एकांताचा भंग राणीस नको होता. त्यामुळें त्या वाटेवर प्रवासी गाडी कधींच धांवली नाहीं. ज्या राजाश्रयानें स्टेशन मोठें केलें, त्यानेंच त्याची वाढ खुंटविली, असें म्हणावें लागतें. पुढें १९०४ सालीं रेल्वे कंपनीनें ब्रेमारच्या उतारूंसाठीं बॅलेटरहून मोटारबस सुरू केली. रेल्वेचा प्रतिस्पर्धी रेल्वेनेंच आपल्या दारीं आणिला, ही मौजेची गोष्ट होय!

लहान शाखामार्गाचें गणित मोठें कठीण असतें. गाडींत दहा उतारू असोत कीं दोनशें, स्टेशनमास्तर, हमाल, सिग्नलवाले व रूळ राखणारे गँगमन हे ठेवावेच लागत. बस मात्र थेट घराजवळ थांबते, आणि सडकेचा खर्च तिला एकटीला सोसावा लागत नाहीं. खर्च कमी व्हावा म्हणून १९५८ पासून १९६२ पर्यंत या मार्गावर विजेच्या बॅटऱ्यांवर चालणारी गाडी वापरून पाहिली. ती धुराविना व फारसा आवाज न करितां चाले. पण तेवढ्यानें उतारू परतले नाहींत. १९६३ सालीं डॉ. बीचिंग यांच्या अहवालानें अशा तोट्यांतील अनेक मार्गांवर कुऱ्हाड घातली, आणि २८ फेब्रुवारी १९६६ रोजीं बॅलेटरची उतारूगाडी बंद झाली.

रूळ उखडले गेले. परंतु गांवकऱ्यांनीं स्टेशन टाकून दिलें नाहीं. २०१५ च्या मे महिन्यांत आगीनें इमारतीचा मोठा भाग जळाला, तेव्हां ती पूर्वीच्याच घाटाची पुन्हां बांधून २०१८ सालीं खुली करण्यांत आली. जुन्या लोहमार्गाच्या बऱ्याच भागावरून आतां पादचारी व सायकलस्वार जातात.

या हकीकतीवरून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. राणी व तिचे राजपाहुणे वर्षांतून एखाददुसऱ्या वेळीं येत. त्यांच्या येण्यानें स्टेशनाची कीर्ति वाढली, पण त्याचा प्रपंच चालला तो बाजारास, शाळेस व कामास जाणाऱ्या सामान्य माणसांच्या तिकिटांवर. तीं माणसें दुसऱ्या वाटेनें जाऊं लागतांच राजवैभवासही आगगाडी थांबवून धरितां आली नाहीं.