चाचणी उत्तीर्ण, पण तपासले काय?

रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या एखाद्या बागेत ठिबकचा व्हॉल्व्ह ठरल्या वेळी आपोआप उघडतो व बंद होतो, तेव्हा त्यामागे एक लहानसा नियंत्रक काम करीत असतो. अशा उपकरणांतील चिपची मेमरी फारच तोकडी असते. शिकाऊ विद्यार्थ्यांच्या परिचयाची एटीमेगा ३२८पी ही चिप घेतली, तर तिची कामचलाऊ मेमरी अवघी २ किलोबाइट! इतक्या जागेत प्रोग्राम बसवायचा, तर बहुधा 'सी' भाषेचाच आश्रय घेतला जातो. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकारंभी बेल प्रयोगशाळेत घडविलेली ही भाषा जळगाव व धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थीही शिकतो. मात्र मेमरी मागणे, तिची लांबी लक्षात ठेवणे आणि ती परत करणे ही सारी जबाबदारी ही भाषा प्रोग्राम लिहिणाऱ्यावरच टाकते.

बफर म्हणजे माहिती तात्पुरती ठेवण्यासाठी मेमरीत आखून घेतलेली जागा. समजा, नियंत्रकाला येणारा आदेश ६४ बाइटचा आहे. पहिल्या ८ बाइटमध्ये उपकरणाचा क्रमांक व वेळ. पुढच्या भागात कोणता व्हॉल्व्ह किती मिनिटे उघडायचा आणि खत किती सोडायचे. हा आदेश नीट तयार होतो की नाही, हे पाहण्यासाठी वेगळा चाचणी-प्रोग्राम लिहितात. तो तयार झालेला बफर अपेक्षित बफरशी बाइटगणिक ताडून पाहतो. अशा चाळीस चाचण्या झाल्या की त्याच दहा ओळी चाळीस ठिकाणी दिसू लागतात. मग कोणीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेने त्या ओळी एका सामाईक फंक्शनमध्ये हलवितो. वर्तन न बदलता केलेल्या या पुनर्रचनेलाच रिफॅक्टरिंग म्हणतात. वर्तन खरोखरच बदलले नाही ना, हा प्रश्न येथेच उभा राहतो.

मूळ चाचणीत तुलना किती बाइटची करायची, हे 'साइजऑफ' या सोयीने ठरत होते. ६४ बाइटचा अ‍ॅरे समोर असल्यामुळे उत्तर ६४ येत असे. परंतु 'सी'मध्ये अ‍ॅरे दुसऱ्या फंक्शनकडे पाठविला, की प्रत्यक्षात जातो तो केवळ त्याचा पत्ता. नव्या जागी त्याच 'साइजऑफ'चे उत्तर त्या पत्त्याच्या आकाराइतके, म्हणजे आजच्या नेहमीच्या ६४-बिट संगणकावर ८ येते. त्यामुळे पहिले ८ बाइट ताडले जातात आणि उरलेले ५६ कोणी पाहतच नाही. व्हॉल्व्हची मिनिटे चुकोत की खताचे प्रमाण. पडद्यावर चाळीसही चाचण्या उत्तीर्ण! कंपायलर अशा वेळी पुष्कळदा इशारा देतो. पण शेकडो इशाऱ्यांच्या गर्दीत तो वाचतो कोण?

दुसरी चूक काटकसरीतून होते. प्रत्येक चाचणीला वेगळा बफर कशाला, एकच सर्वांना पुरेल, असे वाटते. जळगावच्या सराफ बाजारात पुढचा दागिना तोलण्याआधी पारडे रिकामे करून काटा शून्यावर आणतात. चाचणीतला सामाईक बफर मात्र तसाच पुढे सरकतो. आधीच्या चाचणीचे बरोबर उत्तर त्यात शिल्लक असते. पुढचे फंक्शन त्यात काहीच लिहीत नसले, तरी तुलना जुळते. म्हणून प्रत्येक चाचणीपूर्वी बफर ठरावीक बाइटने भरावा. हा बाइट शून्य नसलेला बरा. अपेक्षित उत्तरातच पुष्कळदा शून्ये असतात, आणि मग न लिहिलेली जागा लिहिल्यासारखी भासते.

न तपासलेली जागा किती महाग पडते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीतील एका साच्यात २१ रकाने घोषित होते, तर प्रोग्राम २०च मूल्ये पुरवीत होता. चाचण्यांमध्ये एकविसाव्या रकान्यासाठी 'काहीही चालेल' असा निकष ठेवलेला असल्यामुळे तो कधी वाचलाच गेला नाही. त्या दिवशीच्या अद्ययावतीकरणाने तो वाचला, वाचन मेमरीच्या हद्दीबाहेर गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

मेमरी परत करण्याचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. चाचणीच्या शेवटच्या ओळीत बफर मोकळा केला आणि चाचणी मध्येच नापास होऊन थांबली, तर ती ओळ गाठलीच जात नाही. उलट सामाईक फंक्शनने बफर मोकळा केला आणि बोलावणाऱ्यानेही केला, तर एकच जागा दोनदा परत केली जाते. ज्याने घेतले त्यानेच परत करावे, हा जुना दंडक येथे उपयोगी पडतो. लिनक्स कर्नलच्या ५.५ आवृत्तीत, २०२० साली, दाखल झालेल्या केयुनिट या चाचणी-व्यवस्थेने तो आपल्याकडेच घेतला. तिच्यामार्फत मागितलेली मेमरी चाचणी संपताच, निकाल काहीही लागो, आपोआप परत जाते.

व्हॅलग्राइंड किंवा अ‍ॅड्रेससॅनिटायझर ही साधने हद्दीबाहेरचे वाचन, गळती आणि दुबार परतफेड पकडतात. ८ बाइटवरच थांबणारी तुलना मात्र त्यांना दिसत नाही, कारण कमी वाचणे हा काही गुन्हा नव्हे. त्यासाठी सामाईक फंक्शनला पत्त्यासोबत लांबीही स्वतंत्रपणे सांगावी लागते. शिवाय पुनर्रचना आटोपली की मूळ प्रोग्राममध्ये मुद्दाम एक चूक पेरून पाहावी. साठावा बाइट बदलावा आणि चाचण्या पुन्हा चालवाव्यात. तरीही चाळीसही उत्तीर्ण झाल्या, तर त्या पुनर्रचनेने चाचणीचे डोळेच झाकले आहेत. हा पडताळा काही मिनिटांचाच आहे, आणि तो नियंत्रक बागेत बसविण्याआधी करायचा असतो.