खंजीर, मुकुट आणि दंड-सर्प

संयुक्त अरब अमिरातींची सैन्यदलं 6 मे 1976 रोजी एका झेंड्याखाली आली, त्याला 2026 मध्ये 50 वर्षं होतात. त्या सैन्याचं मूळही एका ब्रिटिश दलात होतं; आपल्याकडे लष्करातल्या इंग्रजी अमलाच्या खुणा पुसण्याची चर्चा अजून चालूच आहे. 2022 मध्ये नौदलाच्या निशाणावरून सेंट जॉर्जचा क्रॉस गेला, शिवरायांच्या राजमुद्रेवरून घडवलेली चौकट आली, हे उचितच झालं. मात्र हाच न्याय लष्करी डॉक्टरांच्या बिल्ल्यावरच्या दंड-सर्पाला, म्हणजे ग्रीक वैद्यकदेवाच्या साप गुंडाळलेल्या काठीला, लावू नये. चिन्ह कुठून आलं, यापेक्षा त्याच्यामागे हुकूम कुणाचा चालतो, हे महत्त्वाचं.

अमिरातींचाच दाखला पाहा. ब्रिटिशांनी 1951 मध्ये शारजात उभारलेलं दल 1956 पासून ट्रुशियल ओमान स्काउट्स म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्याच्या बिल्ल्यावर एकमेकांना छेदणारे दोन खंजीर होते, जवानांच्या डोक्याला अरबी रुमाल होता. सगळा साज तिथल्या मातीतला. खर्च मात्र ब्रिटिश तिजोरीतून आणि हुकूमही ब्रिटिशांचाच. डिसेंबर 1971 मध्ये हे दल नव्या संघराज्याकडे आलं, तेव्हा कुठे हुकूम बदलला. आपल्याकडे नेमकं उलट घडलं. मुंबई इलाख्याची वैद्यकीय सेवा 1896 मध्ये बंगाल आणि मद्रासच्या सेवांबरोबर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये एकवटली; पुढे 1943 मध्ये इंडियन आर्मी मेडिकल कोअर स्थापन झाली. ब्रिटिश वैद्यकीय दलाच्या बिल्ल्यात दंड-सर्प, भोवती पानांचं कडं आणि माथ्यावर मुकुट होता. आज आपल्या बिल्ल्यात मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आहेत, दंड-सर्प कायम आहे. राजसत्तेचं होतं ते गेलं, वैद्यकाचं होतं ते राहिलं.

ग्रीक देवाच्या काठीऐवजी धन्वंतरी का नको, हा आक्षेप रास्त आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या बोधचिन्हातल्या धन्वंतरीवरून 2023 मध्ये वादही झाला होता. उत्तर रेड क्रॉसच्या इतिहासात आहे. स्विस झेंड्याचे रंग उलटे करून ते चिन्ह बनलं, त्यात धर्म अभिप्रेत नव्हता. तरीही 1876 मध्ये तुर्कांना त्यात धर्मयुद्धाचा क्रूस दिसला आणि त्यांनी चंद्रकोर घेतली. 1929 मध्ये तिला मान्यता मिळाली. 2005 मध्ये दोन्हींखेरीज तिसरं, तटस्थ चिन्ह स्वीकारावं लागलं. जखमी सैनिकाला डॉक्टरच्या बिल्ल्यात आपला किंवा परका देव दिसता कामा नये. सर्वधर्मीय सैन्याला ग्रीक देव चालतो, कारण आज आपल्याकडे त्याला कुणी पुजत नाही. पारतंत्र्याचा खरा माग बिल्ल्यात नाही, दर्जाच्या उतरंडीत शोधावा. इंग्रजी अमलात लष्करी वैद्यकीय विभागात युरोपीय-अँग्लोइंडियन असिस्टंट सर्जनांची एक पंगत होती आणि हिंदी सब-असिस्टंट सर्जनांची दुसरी. तशी पंगत आज कुठे उरली असेल, तर आधी ती मोडायला हवी.