विडियाचा दात आणि डाळिंबाचं खोड

नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात झाड कापायचं म्हणजे बहुतेक वेळा जमिनीलगत कापायचं. तेल्या रोगाने आसपासच्या कसमादे पट्ट्यातल्या कितीतरी डाळिंबाच्या बागा मालकांना स्वतःच्या हाताने काढायला लावल्या. द्राक्षबागाही वय झालं की निघतात. जेसीबी आला तरी बांधावरची बाभूळ, वादळात आडवा झालेला निंब आणि फांद्यांचा ढीग चेनसॉशिवाय उरकत नाही. त्यातही चेनचा खरा कस लागतो तो बुडाच्या वीतभरात. डाळिंबाचं झाड मुळापासूनच तीन-चार खोडांचं असतं. त्यांच्या बेचक्यात माती, मुरुमाचे खडे आणि सालीत रुतलेली रेती साचलेली असते. सकाळी धार लावलेली चेन अशा ठिकाणी पाहता पाहता बोथट होते. लाकडाच्या चिपळ्या उडायच्या थांबून पिठासारखा भुसा पडू लागला, की धार गेली म्हणून समजावं.

साध्या चेनचा दात पोलादाचा असतो आणि त्यावर क्रोमचा पातळ कडक थर असतो. आकाराने तो वाकवलेल्या नखासारखा. हा आकार अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याचा. १९४६ साली त्याने एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. आडव्या-उभ्या दोन्ही रेषांत ती सारख्याच सहजतेने पुढे सरकत होती. तिच्या जबड्यावरून त्याने दात घडवला. खोडकिड्याने ज्यांची झाडं खाल्ली आहेत, त्या डाळिंबवाल्यांना ही अळी वेगळी सांगायला नको.

अशा मातकट कामासाठी मिळणाऱ्या कार्बाईड चेनमध्ये याच दाताच्या टोकावर टंगस्टन कार्बाईडची छोटी टिप पितळ किंवा चांदीच्या झाळाने बसवलेली असते. टंगस्टन कार्बाईडची बारीक पूड कोबाल्टबरोबर दाबून, भट्टीत भाजून हा पदार्थ तयार होतो. जर्मनीतल्या क्रुप कंपनीने १९२०च्या दशकात तो विडिया या नावाने बाजारात आणला आणि आपल्या वर्कशॉपांत आजही तेच नाव चालतं. बागलाणच्या शेतकऱ्याने हा पदार्थ पूर्वीच पाहिलेला आहे. बोअरवेलच्या गाडीच्या बिटवर जी गोल बटणं काळा पाषाण फोडत खाली जातात, तीही याचीच.

पण म्हणून कुणी सगळ्या कामाला कार्बाईड चेन घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. विडिया कडक असतो तसाच ठिसूळही. कड तुटू नये म्हणून त्याची धार पोलादापेक्षा जरा बोथट कोनात ठेवावी लागते. त्यामुळे स्वच्छ लाकडात चांगली कानसलेली पोलादी चेनच भराभर उतरते. द्राक्षाच्या बुंध्यात तर जुनी तार रुतलेली असते. तारेवर किंवा मोठ्या दगडावर आदळली तर टिपचा कपचा उडतो. खिळे, पत्रे कापणारी अग्निशमन दलाची खास कार्बाईड चेन निराळी, शेतातली निराळी. दुकानात ते स्पष्ट विचारून घ्यावं. मातकट, रेताड, जमिनीलगतचं काम रोजचं असेल, तर मात्र कित्येक पट जास्त किंमत देऊनही ही चेन परवडते.

घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून निम्मं केलं की पिच निघतो. ०.३२५ इंच आणि ३/८ इंच हे नेहमीचे पिच. गेज म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या बारच्या खाचेत बसणाऱ्या ड्राइव्ह लिंकची जाडी. ती चुकली तर चेन खाचेत हिंदकळते किंवा बसतच नाही.

खरा फरक धार लावताना कळतो. ०.३२५ पिचच्या पोलादी चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. कानशीचा पाचवा हिस्सा दाताच्या वर राहील अशी ती धरायची, बहुतेक चेनना ३० अंशांचा कोन ठेवायचा, आतून बाहेर रेटायचं आणि परत आणताना उचलून घ्यायचं. प्रत्येक दाताला रेटे सारखेच द्यायचे. एका बाजूचे दात आखूड झाले, की काप तिरका जाऊ लागतो. मग दातापुढचा उंचवटा चपट्या कानशीने दाताहून साधारण ०.६५ मिलिमीटर खाली आणायचा. हे काम बांधावर, बुंध्यावर बसूनही होतं.

विडियावर ही कानस नुसती घसरते. त्याला डायमंड व्हील हवं. तेही हलक्या हाताने, टेकवून लगेच उचलत. दाबून धरलं तर उष्णतेने टिपला तडा जातो, झाळही ढिला पडतो. व्हील टिपलाच लागेल, मागच्या पोलादाला नाही, हेही बघावं लागतं, कारण तापलेलं लोखंड हिऱ्याचे कण लवकर खातं. डोळ्यांवर चष्मा हवाच, उडालेला कपचा बारीक आणि धारदार असतो.

एवढ्यासाठी प्रत्येकाने डायमंड व्हीलचं मशीन घ्यायचं कारण नाही. शेतकरी गटांच्या अवजार बँकेत ट्रॅक्टर, फवारणी पंप आहेत, तिथे कार्बाईडला धार लावणारं एक मशीन आणि ते जपून चालवणारा एक शिकलेला हात ठेवला, तर बाग काढायच्या हंगामात गावागावातल्या बोथट चेन तिथेच येतील, आणि चेन फेकून नवी आणण्याचा खर्च वाचेल.