कावेरीकाठचे मराठी (लेखांक 14) : तुपाचा हिशोब

गेल्या आठवड्यात गायिका बेंगळूर नागरत्नम्मांना तिरुवैयारूच्या वाटेवर सोडून आलो होतो. त्यांना अजून एक आठवडा तिथंच थांबावं लागणार. मधे एक पत्र आलं, आणि ते बाजूला ठेवून पुढे जाणं काही जमेना.

पत्र पुण्याहून आलंय. लिहिणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत, माहेर मेलकावेरीचं. मेल म्हणजे पश्चिम. कुंभकोणमचं कावेरीकाठचं हे पश्चिम अंग. त्यांची आजी आणि आजीची थोरली जाऊ एका घरात पन्नास वर्षं नांदल्या. आजीच्या प्रत्येक बाळंतपणात थोरलीनं चाळीस दिवस तिला न्हाऊमाखू घातलं, तूप घालून बाळंतिणीचं लेहियम, म्हणजे औषधी चाटण, घोटलं, रात्री किरकिरणारं पोर खांद्यावर टाकून तिण्णैवर येरझारा घातल्या. (तिण्णै म्हणजे तिकडची ओटी, जुन्या वाचकांना सांगायला नको.) आणि बेचाळिसाव्या दिवशी कोठी उघडून तुपाचं पितळी भांडं हातात उचलून पाहिलं नि म्हणाली, "एवढं संपलं?"

बाई विचारतात, यातलं खरं कुठलं? चाळीस दिवस की बेचाळिसावा? पुढे लिहितात, आमच्या भिशीत सगळ्या एकमेकींना 'अगं, किती छान' म्हणतात आणि घरी जाताना रिक्षात दुसरंच बोलतात. बायकांची एकी म्हणजे हेव्यावर घातलेलं पांघरूण तर नव्हे?

आधी एक तक्रार नोंदवतो. तंजावरच्या भोसल्यांच्या भाऊबंदकीवर याच लेखमालेत तीन लेखांक झाले. 1736 ते 1739 एवढ्या काळात गादी किती हातांतून गेली ते आपण पाहिलं. तेव्हा एकाही वाचकानं 'पुरुषांची मैत्री खरी असते का हो?' असं विचारलं नाही. बायकांचं भांडण निघालं की मात्र त्यांच्या सगळ्या जातीचीच झडती सुरू होते. आपल्या भाषेत 'जावाजावा आणि हेवादेवा' आहे, सवतीमत्सर आहे. भावाभावांच्या भांडणाला भाऊबंदकी म्हणतो, पण त्यावरून भावाची माया खोटी ठरवत नाही.

आता तंजावरचाच दाखला देतो, कारण याहून स्वच्छ दाखला मला ठाऊक नाही.

1855 च्या ऑक्टोबरात दुसरे शिवाजीराजे वारले. मुलगा नव्हता. मागे डझनाहून जास्त राण्या. कंपनी सरकारनं राज्य संपल्याचं जाहीर केलं आणि वर्षभरानं, 1856 च्या ऑक्टोबरात, फोर्ब्स नावाचा अधिकारी शिपाई घेऊन राजवाड्यात शिरला. जडजवाहीर, रोकड, सामानसुमान, राजाची खासगी चीजवस्तूसुद्धा, सगळ्यावर मोहोर लागली. थोरली राणी कामाक्षीबाई. तिनं मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर दावा ठोकला. पडद्यातली विधवा, समोर कंपनी सरकार, आणि बाई जिंकली! सरकारनं लंडनला अपील केलं. 1859 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं निकाल फिरवला: हे राज्यसत्तेचं कृत्य आहे, न्यायालयाला यात पडता येत नाही. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला अजून शिकवतात.

पण एवढा गाजावाजा झाल्यावर सगळंच गिळणं सरकारला अवघड गेलं. 1862 मध्ये मद्रास सरकारनं ती मालमत्ता राजाच्या वारसांना सोडून दिली. अट बघा. ताबा आणि व्यवस्था थोरल्या राणीकडे. बाकीच्या राण्याही वारस, त्यांना उपभोग घेता येईल अशी योग्य तजवीज तिनं करायची. आणि शेवटची राणी डोळे मिटेपर्यंत पुढच्या वारसांना काही नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. धाकट्या राण्या कोर्टात गेल्या. जिजायंबाबाई विरुद्ध कामाक्षीबाई, मद्रास हायकोर्ट, 1868. ज्या थोरलीनं सगळ्यांसाठी सरकारशी झुंज दिली, तिच्याच विरुद्ध सवतींनी दावा लावला. न्यायालयानं सांगितलं की सगळ्यांचा हक्क सामाईक आहे, उपभोगात सगळ्या सारख्या, एक गेली की तिचा वाटा उरलेल्यांत मुरतो.

इथं कुणीही म्हणेल, बघा, सवतीमत्सर! मला तसं दिसत नाही. थोडं थांबून त्या व्यवस्थेकडे पाहा. तिजोरीची किल्ली एकीकडे. बाकीच्यांना हक्क आहे, पण मागून घ्यायचा. वाटणी करून वेगळं होता येत नाही. आणि एक मेली की उरलेल्यांचं पारडं तेवढंच जड. अशा घरात कुठल्याही माणसांना ठेवा, बाप्ये ठेवा, संन्यासी ठेवा, दहा वर्षांत ती एकमेकांच्या ताटात डोकावू लागतील. सरकारच्या शिपायांपुढे त्या बायका एका बाजूला होत्या हेही खरं, किल्लीवरून फाटलं हेही खरं. पहिलं खोटं होतं म्हणून दुसरं घडलं, असा पुरावा कुठे आहे? दुसरं घडलं ते 1862 च्या कागदामुळे. तो कागद पुरुषांनी लिहिला होता, असं आता म्हणत नाही. म्हटलं तर वाद वाढेल.

तमिळात हेव्याला 'पोरामै' म्हणतात. शब्द फोडला तर अर्थ निघतो 'न सोसणं'. सोसवत नाही, आपण म्हणतो ना, 'पाहवत नाही' तसं. आता पाहवत नाही म्हणायला आधी रोज पाहावं लागतं. ज्या बाईचं तोंड वर्षातून एकदा लग्नात दिसतं तिचं काय पाहवत नसणार? हेवा बहुधा जवळच्याच माणसाचा लागतो.

मागच्या खेपेला मेलकावेरीतच एका कुळूच्या बैठकीला बसायला मिळालं. कुळु म्हणजे गट, आपल्याकडचा बचत गट. तमिळनाडूत हे काम 1989 मध्ये धर्मपुरी जिल्ह्यात सुरू झालं आणि 1997 पासून 'मगळिर तिट्टम' या सरकारी योजनेनं ते राज्यभर नेलं. वीसच्या आत बायका, सतरंजी, वही, पेन, मधोमध स्टीलचा डबा. एक बाई आली नव्हती. हप्ता अडकला तर बँकेत सगळ्या गटाचं नाव खराब होतं, म्हणून दोघी उठून तिला घरून घेऊन आल्या. मग तिची जी हजेरी घेतली! माझं तमिळ बेताचं, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. सगळ्यात मोठा आवाज एका ठेंगण्या बाईचा. ओरडता ओरडताच तिनं कमरेचा सुरुक्कुपै, म्हणजे आपला बटवा, सोडला, दोन नोटा काढून डब्यात टाकल्या आणि वहीवालीला म्हणाली, "हिच्या नावावर लिही." बैठक मोडल्यावर तीच बाई माझ्याशेजारी चप्पल घालताना पुटपुटली, "मूक्कुत्ति नवी घेतलीय. हप्त्याला पैसे नाहीत." मूक्कुत्ति म्हणजे चमकी, नाकातली. नजर तिची त्या चमकीवरच होती आणि, खोटं कशाला बोलू, चमकी होतीही सुरेख.

दोन नोटा खऱ्या की चमकीवरची नजर खरी? पुण्याच्या बाईंचाच प्रश्न पुन्हा आला. नोटा मात्र डब्यात पडल्या होत्या.

हे सगळं आपल्याच दरबारात एका बाईनं अडीचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. तंजावरच्या प्रतापसिंहराजांच्या दरबारातली गणिका मुद्दुपळनी, तिचं तेलुगू काव्य 'राधिकासांत्वनमु'. त्यात राधेनं इळेला लहानाचं मोठं केलं, तीच तिचं कृष्णाशी लग्न लावते, पहिल्या रात्रीसाठी तीच तिला समजावते, कृष्णालाही बजावते की पोर कोवळी आहे, जपून. आणि मग तिलाच सोसवत नाही. ती जळते, रुसते, कृष्णाला तिची समजूत काढावी लागते; काव्याचं नाव त्यावरूनच. इळेवरची माया ढोंग होती असं मुद्दुपळनी कुठे सुचवत नाही. एका बाईच्या अंगात दोन्ही गोष्टी एका रात्रीत मावतात, एवढंच ती दाखवते. पंडितांना मात्र हे पचलं नाही. आधीच्या छापील प्रतीत मुद्दुपळनीनं आपल्या आजीबिजीविषयी लिहिलेला भाग गाळला होता. नागरत्नम्मांनी मूळ हस्तलिखित शोधून 1910 मध्ये सगळं परत छापलं. 1911 मध्ये सरकारनं पुस्तकावर बंदी घातली, ती उठायला 1947 उजाडलं.

कुणी म्हणेल, मेलेल्या कवयित्रीची पाठराखीण होणं सोपं, तिथं हेव्याला जागाच नाही. कबूल. जिवंत बायकांशी नागरत्नम्मांचं कसं जमलं आणि देवदासी प्रथेविरुद्ध लढणाऱ्या डॉक्टर मुत्तुलक्ष्मी रेड्डींशी का फाटलं, ते आता पुढच्या आठवड्यात. या वेळी खरंच.

पुण्याच्या बाईंना उत्तर राहिलं. माझ्या मते चाळीस दिवसही खरे आणि बेचाळिसावाही. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि तिच्यावाचून थोरलीचा निवाडा करायला मी तयार नाही. घरात आजोबा होते, मोठे आजोबा होते, कदाचित पणजोबाही असतील. कोठीची किल्ली थोरलीच्या कमरेला होती, पण महिनाअखेरीला तुपाचा हिशोब तिला कुणापुढे द्यावा लागत होता? तेवढं आठवलं तर कळवा.