झीटा हर्क्युलिस : म्हातारपणाकडे झुकलेला पिवळा तारा

शौरी तारकासमूहातील झीटा हर्क्युलिस हा नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारा, 2.8 प्रतीचा तारा आहे. तो पृथ्वीपासून 35 प्रकाशवर्षांवर, म्हणजे खगोलीय हिशेबाने शेजारीच आहे. डोळ्यांना तो एकटा दिसत असला तरी प्रत्यक्षात ते दोन तारे आहेत. मोठा तारा पिवळा उपराक्षसी आहे, तर त्याचा 5.5 प्रतीचा सोबती बराचसा सूर्यासारखा आहे.

विल्यम हर्शेल यांनी 1782 मध्ये दुर्बिणीतून हे दोन तारे वेगळे पाहिले. 1795 मध्ये सोबती त्यांना जेमतेम दिसला आणि 1802 मध्ये तर दिसेनासाच झाला. एका ताऱ्याने दुसऱ्याला झाकले, असा अर्थ त्यांनी लावला. खरे तर सोबती कक्षेत फिरता फिरता मोठ्या ताऱ्याच्या इतका जवळ आला होता, की त्या काळच्या दुर्बिणीला दोघे वेगळे दाखवता येईनात. 1826 मध्ये विल्हेल्म स्ट्रुव्ह यांना सोबती पुन्हा सापडला.

हे तारे एकमेकांभोवती साडेचौतीस वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. कक्षा बरीच लंबवर्तुळाकार असल्याने त्यांच्यातील अंतर सुमारे 8 ते 21 खगोलीय एककांपर्यंत बदलते. सूर्यमालेच्या मापाने सांगायचे, तर सोबती कधी शनीच्या कक्षेच्या आत येतो, तर कधी युरेनसच्या पलीकडे जातो. फेरीचा काळ आणि अंतर कळले की गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने वस्तुमान काढता येते. एकट्या ताऱ्याच्या बाबतीत ही सोय नसते; म्हणूनच जोडताऱ्यांना खगोलशास्त्रात एवढे मोल आहे. या जोडीतील मोठा तारा सूर्याच्या सुमारे 1.45 पट वजनाचा असून धाकटा जवळपास सूर्याएवढा भरतो.

मोठ्या ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान सूर्याइतकेच, सुमारे 5,800 केल्विन आहे. म्हणजे त्याच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सूर्याइतकाच प्रकाश बाहेर पडतो. तरीही त्याचा एकूण प्रकाश सूर्याच्या साडेसहापट आहे. याचा अर्थ पृष्ठभागच साडेसहापट मोठा असला पाहिजे आणि त्या हिशेबाने त्रिज्या सूर्याच्या अडीचपट येते. हा तारा फुगू लागला आहे.

त्याचे कारण गाभ्यात आहे. ताऱ्याच्या आयुष्याचा मोठा काळ गाभ्यातील हायड्रोजनचे हेलियम होण्यात जातो. या काळात तो मुख्य श्रेणीत असतो आणि आपला सूर्य आज याच अवस्थेत आहे. गाभ्यातील हायड्रोजन संपला की हेलियमचा गाभा आकसतो, त्याच्याभोवतीच्या थरात हायड्रोजन जळू लागतो आणि बाहेरचे थर प्रसरण पावतात. तांबडा राक्षसी तारा होण्याआधीच्या या टप्प्यावरील ताऱ्याला उपराक्षसी म्हणतात.

दोन्ही तारे जुळ्या भावंडांसारखे एकाच वेळी जन्मलेले आहेत. त्यांचे वय तीन ते चार अब्ज वर्षे, म्हणजे सूर्याहून कमीच आहे. तरीही मोठ्याचे इंधन सरत आले आणि धाकटा अजून मुख्य श्रेणीत आहे. दीडपट वजनाच्या ताऱ्याकडे इंधन दीडपट असते, पण तो ते तिप्पट-चौपट वेगाने जाळतो. ताऱ्याचे म्हातारपण वयापेक्षा वजनावर ठरते, ते असे.

महाराष्ट्रातून हा तारा पाहायला मे महिन्यातील रात्र चांगली. स्वातीपासून अभिजितकडे जाताना वाटेत आधी उत्तर मुकुट आणि मग शौरीमधील चार ताऱ्यांचा चौकोन लागतो. त्या चौघांतील सर्वांत तेजस्वी तारा म्हणजे झीटा हर्क्युलिस. सोबती वेगळा पाहायला मात्र सहा ते आठ इंची दुर्बीण आणि स्थिर हवा लागते. 2036 च्या सुमारास हे तारे पुन्हा सर्वांत जवळ येतील आणि मग काही वर्षे हौशी निरीक्षकांच्या दुर्बिणींना ते वेगळे दाखवता येणार नाहीत. ज्यांना जोडी पाहायची आहे, त्यांनी ती त्याआधीच पाहून घ्यावी.